औषधाच्या खिडकीत आलेली गांजाच्या तेलाची बाटली

"मॅडम, हे बी संगं देत जाऊ का याले?"

एप्रिलमधली दुपार होती, ओपीडी संपत आली होती. तो बाप मुद्दाम सगळ्यात शेवटी थांबला होता, हे मला नंतर लक्षात आलं. पन्नीतून त्याने केसपेपर काढला, पोराची फिटची औषधं, म्हणजे व्हॅल्प्रोएटचं सिरप आणि क्लोबाझमच्या गोळ्या, घेतली, मागेपुढे पाहिलं आणि शर्टाच्या आतल्या खिशातून बोटभर उंचीची काचेची बाटली काढली. झाकणाला ड्रॉपर, वर हिरव्या पानाचं चित्र आणि खाली 'विजया' असं लिहिलेलं. मुलगा सात वर्षांचा, वजन वीस किलो. दोन औषधं चालू असूनही आठवड्यातून दोन-तीनदा फिट येते. नातेवाइकाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला आणि तुरीच्या पैशातून ही बाटली घरपोच मागवली गेली.

"गांजाचं हाये म्हणते ना हे? पोलीस तं नाही पकडत?"

पोलिसांचं उत्तर मला थोडंफार येत होतं. पण 'देऊ का' याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत औषधं वाटण्यात माझी अठरा वर्षं गेली, आणि एका बापाने विचारलेल्या सरळ प्रश्नापुढे मी गप्प होते. बाटलीचे चारही बाजूंनी फोटो घेतले आणि त्याला म्हटलं, "मंगळवारी या. तोवर हे तेल देऊ नका, अन् सिरप एक वेळही चुकवू नका." मंगळवारपर्यंत आणि त्यानंतरही जे वाचलं, डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते इथे मांडते आहे. माझ्यासारख्या फार्मासिस्टांसाठी आणि खिशात अशी बाटली घेऊन फिरणाऱ्या घरच्यांसाठीही.

शिकलो ते आणि राहून गेलं ते

डी. फार्म.ला (फार्मसीच्या पदविकेला) आम्हाला गांजा होता. फार्माकोग्नोसीच्या, म्हणजे वनस्पतींच्या औषधांच्या पेपरात, मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या वनस्पतींमध्ये, अफू आणि कुचल्याच्या शेजारी. सूक्ष्मदर्शकाखाली पानाचे केस ओळखायचे, केसाच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा दिसतो तो काढून दाखवायचा, आणि राळ असलेल्या ग्रंथींना नावं द्यायची. मग कायद्याच्या पेपरात तोच गांजा पुन्हा भेटला, यावेळी शिक्षेच्या कलमांसह. म्हणजे झाड ओळखता येतं आणि तुरुंग किती वर्षांचा तेही सांगता येतं. मात्र ते झाड माणसाच्या पोटात गेल्यावर काय होतं, किती दिलं तर उपयोग, किती दिलं तर अपाय, आणि बाकीच्या औषधांशी त्याचं काय जमतं, हे कोणी सांगितलंच नाही.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. कॅनडात औषध म्हणून गांजाला २००१ पासून सरकारी मार्ग आहे, ऑस्ट्रेलियात २०१६ पासून, जर्मनीत २०१७ पासून औषधांच्या दुकानात चिठ्ठीवर मिळतो. अमेरिकेत कनेक्टिकटसारख्या राज्याने २०१२ च्या कायद्यात असं दुकान चालवायला परवानाधारक फार्मासिस्टच लागेल असं ठरवलं. तरीही अशा देशांतल्या फार्मासिस्टांची जी सर्वेक्षणं झाली, त्यांतून एकच सूर पुन्हा पुन्हा निघतो. काही आजारांत याचा उपयोग होऊ शकतो, हे बहुतेकांना मान्य असतं. पण "तुम्ही रुग्णाला मात्रा सांगू शकाल का, औषधांचा आपसातला परिणाम सांगू शकाल का" असं विचारलं की आवाज खाली जातो. कॉलेजात शिकवलं नाही, नंतर प्रशिक्षण मिळालं नाही, आणि कायद्याची धास्ती आहे. रुग्णालयातल्या फार्मासिस्टाची अडचण आणखी एका पायरीने वाढते, कारण भरती झालेला रुग्ण घरून आणलेली बाटली उशीखाली ठेवतो. ती कपाटात कोणी ठेवायची, रात्री कोणी द्यायची, नोंद कुठे करायची? कॅलिफोर्नियाला यासाठी २०२१ साली वेगळा कायदाच करावा लागला. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना रुग्णालयात गांजाजन्य औषध वापरू द्यावं, पण धूर करून नाही, असं तो सांगतो.

मेंदूतली उलटी हाक

वावरात ओलीत करताना एक जण मोटरजवळ असतो आणि दुसरा सरीच्या टोकाशी. पाणी वरून खाली येतं. टोकाशी पुरेसं पोचलं की खालचा माणूस ओरडतो, "बस करा!" ही हाक पाण्याच्या उलट दिशेने जाते. ती नसती तर वावर चिबाडलं असतं.

मेंदूतही एक पेशी दुसरीकडे निरोपाचं रसायन सोडते. ते जास्त व्हायला लागलं की घेणारी पेशी जागच्या जागी एक चरबीसारखं द्रव्य बनवते आणि उलट्या दिशेने पाठवते. सोडणाऱ्या पेशीवर ही हाक ऐकणारा जो ग्राहक (रिसेप्टर) असतो त्याला 'सीबी-१' म्हणतात. हाक ऐकली की रसायन सोडणं कमी होतं. वेदना, उलटी, भूक, झोप, आठवण, हालचाल, अशा कितीतरी कामांत ही व्यवस्था आहे. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये येहिएल गाओनी आणि राफाएल मेशुलाम यांनी गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, शुद्ध रूपात वेगळा केला. आपलं शरीर स्वतः बनवतं ती हाक सापडायला मात्र १९९२ उजाडलं. मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत ती सापडली आणि तिला नाव दिलं गेलं 'आनंदामाइड'. यातला आनंद आपलाच आहे, संस्कृतातला.

टीएचसी काय करतं? बाहेरचा कोणी माणूस धुऱ्यावर उभा राहून तासन्‌तास "बस करा, बस करा" ओरडत राहिला तर जे होईल ते. पाणी जिथे जास्त होतं तिथे बरं वाटतं, म्हणून उलटी थांबते, आखडलेला स्नायू सैल होतो. पण जिथे पाणी हवंच होतं तिथेही बंद होतं. आठवण राहत नाही, तोल जातो, छाती धडधडते, काहींना भीती आणि भास होतात. श्वास चालवणाऱ्या केंद्रात हे ग्राहक फार कमी आहेत, म्हणून मॉर्फीन (अफूपासूनचं वेदनाशामक) जास्त झाल्यावर जसा श्वास थांबतो तसं मोठ्या माणसाचं सहसा होत नाही. लहान मुलांबाबत मात्र हा भरवसा धरू नका. मोठ्यांसाठी ठेवलेला गांजा-भांगेचा एखादा लाडू मुलाच्या हाती लागला तर ते बेशुद्ध होऊ शकतं.

दुसरा मोठा घटक सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिओल. तो या ग्राहकावर असा थेट ओरडत नाही, त्यामुळे त्याची नशा चढत नाही. त्याचं काम दुसऱ्या वाटांनी चालतं, आणि फिटच्या औषधात त्यालाच महत्त्व आहे. एकाच झाडातून आलेले हे दोन घटक इतके वेगळे वागतात, तरी आपण दोघांनाही 'गांजा'च म्हणतो. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

कसं घेतलं यानेही फार फरक पडतो. ओढलेला धूर काही मिनिटांत चढतो आणि दोन-तीन तासांत उतरू लागतो. पोटातून घेतलं तर चढायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात, आणि उतरायला सहा-आठ तास किंवा जास्त. यकृतातून जाताना टीएचसीचं आणखी एक जोरदार रूप तयार होतं, तेही सोबत असतं. होळीच्या किंवा महाशिवरात्रीच्या रात्री कॅज्युअल्टीत घाबरेघुबरे होऊन येणाऱ्या पोरांची गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: भांगेच्या पहिल्या ग्लासाने काही झालं नाही, म्हणून दुसरा घेतला.

खरंच कशावर चालतं

व्हिडिओत सांगतात त्या यादीत कॅन्सरपासून शुगरपर्यंत सगळं असतं. पुराव्याने उभी राहणारी यादी त्यापेक्षा बरीच लहान आहे.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो लहान मुलांच्या काही दुर्मिळ आणि हट्टी फिटच्या आजारांवर, शुद्ध सीबीडीचा. ड्रावे सिंड्रोम नावाच्या आजारात १२० मुलं आणि तरुणांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सीबीडी घेणाऱ्यांच्या गटात महिन्याच्या मोठ्या फिटांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली; नुसतं गोड द्रावण घेणाऱ्यांच्या गटात १४.९ वरून १४.१ वरच राहिली. पूर्ण फिट थांबलेली मुलं सीबीडीच्या गटातही थोडीच होती, वीसात एक. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिडिओलेक्स या नावाने हे औषध ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन आजारांसाठी मंजूर केलं, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारातल्या फिटसाठी. साधारणपणे हे आधीची औषधं चालू ठेवून, त्यांच्या जोडीला दिलं जातं.

केमोच्या उलट्यांवर प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, म्हणजे ड्रोनाबिनॉल, आणि त्याचा भाऊ नॅबिलोन, हे १९८५ पासून अमेरिकेत मान्य आहेत. तेही पहिलं औषध म्हणून नाही. नेहमीच्या औषधांनी उलट्या थांबल्या नाहीत तरच. आपल्या खिडकीतली ऑन्डान्सेट्रॉनची गोळी आजही त्यांच्या आधी येते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात आखडलेल्या स्नायूंसाठी टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असलेला तोंडात मारायचा स्प्रे ब्रिटनमध्ये २०१० पासून मिळतो.

दुखण्याबाबत एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१७ मध्ये मोठ्यांच्या जुनाट दुखण्यात फायद्याचा पुरावा चांगला असल्याचं म्हटलं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पुरावा पुन्हा तपासून सांगितलं की दुखण्यासाठी सरसकट वापराला आम्ही पाठिंबा देत नाही. आपल्या पूर्व विदर्भाशी थेट जोडलेली एक चाचणीही आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या लाल पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, दुखणं कसं असतं हे वेगळं सांगायला नको. पोरगं रात्रभर पाय आवळून बसतं. अमेरिकेत सिकलसेलच्या २३ रुग्णांना टीएचसी-सीबीडीची वाफ देऊन पाहिली, २०२० मध्ये निष्कर्ष आले. घेणाऱ्यांना मोठा अपाय झाला नाही, पण नुसत्या वाफेच्या तुलनेत दुखणं लक्षात येण्याइतकं कमीही झालं नाही. चाचणी लहान होती, तिच्यावरून कायमचा निकाल लागत नाही. पण "सिकलसेलवर रामबाण" म्हणून कोणी तेल विकत असेल तर त्याच्या हातात यापेक्षा चांगला पुरावा असायला हवा, आणि तो त्याच्याकडे नाही.

कॅन्सर बरा होतो, हा दावा तर सोडूनच द्या. खर्ऱ्याने (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने) गाल आतून आखडलेले, तोंड दोन बोटंही न उघडणारे कितीतरी रुग्ण आमच्याकडे येतात. त्यातला एखादा तेलाच्या भरवशावर तीन महिने घालवतो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. गांजाने होणाऱ्या अपायांत मी हाही अपाय धरते.

बाटलीचं गणित

आता त्या बाटलीकडे येऊ. फोटो मोठा करून वाचला. ३० मिलिलिटर. विजया अर्क, एकूण १००० मिलिग्रॅम. मात्रा: पाच थेंब, दिवसातून दोनदा. अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे कुठेच वेगळं लिहिलेलं नव्हतं.

समजा, सगळाच अर्क सीबीडी आहे असं धरलं (तसं नसतं, पण बापाच्या बाजूने धरू). १००० भागिले ३०, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३३ मिलिग्रॅम. वीस थेंबांचा एक मिलिलिटर, हा आमचा ढोबळ हिशेब. दिवसाचे दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर, म्हणजे जवळपास १७ मिलिग्रॅम.

ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉसाठी मंजूर झालेल्या औषधाची मात्रा वजनावर असते. सुरुवातीला दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम, आठवड्याने १०, आणि गरज पडली व सोसलं तर २० पर्यंत. वीस किलोच्या पोराला सुरुवात १०० मिलिग्रॅमने, शेवट ४०० वर. म्हणजे बापाच्या थेंबांत सुरुवातीच्या मात्रेचा फार तर सहावा हिस्सा होता. ४०० द्यायचे म्हटले तर ती अख्खी बाटली अडीच दिवसांत संपली असती. तुरीचे पैसे किती दिवस पुरले असते?

म्हणजे तेल कमी होतं, म्हणून निरुपद्रवी होतं? तसंही नाही. सीबीडी कमी म्हणून फायद्याची आशा कमी. पण टीएचसी किती हे माहीतच नाही, आणि वाढत्या मेंदूला ते नको. फायदा दिसत नाही म्हणून घरचे थेंब वाढवत जातात, तसं टीएचसीही वाढत जातं.

दुसरा धोका आमच्याच खिडकीतून दिलेल्या औषधांशी होता. सीबीडी यकृतातल्या काही एन्झाइमांना अडवतं. क्लोबाझमचं शरीरात जे रूप बनतं, ते बाहेर टाकणारं एन्झाइम असं अडलं की चांगल्या मात्रेत त्या रूपाचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं. पोरगं दिवसभर पेंगतं, जेवताना मान टाकतं. आणि व्हॅल्प्रोएटसोबत सीबीडी दिलं की यकृताचे एन्झाइम रक्तात वाढण्याचा धोका जास्त. म्हणून मंजूर औषध सुरू करण्याआधी, मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी यकृताची रक्ततपासणी करायला सांगतात. त्या मुलाला नेमकी हीच दोन औषधं चालू होती. बाटलीवर त्याबद्दल एक शब्द नव्हता.

मोठ्यांमध्येही असे दोन-तीन मेळ माहीत असायला हवेत. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाचं वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध: गांजा आणि सीबीडी दोन्हींमुळे आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, चढला की रक्तस्रावाचा धोका) चढल्याच्या नोंदी आहेत. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, दारू: यांच्यासोबत गुंगी वाढते. आणि दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल तर नेमका नियमित धूर उलटं करतो. ते औषध शरीरातून लवकर निघून जातं आणि दमा आटोक्यात राहत नाही.

पोलीस पकडतात का

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. चरस म्हणजे काढलेली राळ. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग या केंद्रीय कायद्यातून सुटते. तिच्यावर राज्यांचे आपापले नियम आहेत. आयुर्वेदात भांगेचं नाव विजया. जुलाबावरच्या जातीफलादि चूर्णात ती पूर्वीपासून आहे. औषध नियमांतल्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत तिचं नाव असल्यामुळे अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. त्यामुळे परवान्याने बनलेलं, वैद्याच्या चिठ्ठीवर घेतलेलं पानांचं औषध एका बाजूला, आणि पानटपरीमागे मिळणारी पुडी दुसऱ्या बाजूला. पुडीसाठी शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपर्यंत 'अल्प' प्रमाण, पण अल्प म्हणजे माफ नाही. एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर दहा ते वीस वर्षं.

हा कायदा येण्याआधीचा इतिहास वेगळा आहे, हेही लक्षात ठेवावं. १८३९ मध्ये कलकत्त्यात ओशॉनेसी या डॉक्टराने धनुर्वात आणि आकडीच्या रुग्णांना गांजाचा अर्क देऊन निरीक्षणं लिहिली, तिथून तो युरोपच्या दवाखान्यांत गेला. १८९३-९४ मध्ये सरकारी आयोगाने देशभर हजारावर साक्षी घेतल्या आणि माफक वापराने फारसं बिघडत नाही, अतिवापराने बिघडतं, असं सांगितलं. आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि प्रांताचा गांजा निमाडात, खंडव्याकडे परवान्याने पिकायचा. मग १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाला हेरॉइनच्या जोडीने सर्वांत कडक यादीत टाकलं. २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी त्याला त्या यादीतून काढलं. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. यामुळे आपल्या देशातला कायदा बदलला नाही, पण औषध म्हणून अभ्यासाचं दार जरा उघडलं.

न सांगितलेलं औषध

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या ठिकाणी होते तेव्हा, झडप बदललेले एक काका वॉरफरिन न्यायला यायचे. भजनी मंडळातले. एकदा त्यांनीच हसत सांगितलं, "रातच्याले भजनात चिलीम होते थोडीशी." मी खिडकीतून सगळ्यांसमोर बोलले, "हृदयाचं ऑपरेशन झालं अन् गांजा पिता? मग औषध कायले नेता?" रांगेतले लोक हसले. काका हसले नाहीत. नंतर ते औषध न्यायला मुलाला पाठवू लागले. पाच-सहा महिन्यांनी हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जायला लागलं म्हणून भरती झाले. आयएनआर सातच्या वर होता. चिलमीनेच चढला असं मी म्हणू शकत नाही, मधल्या काळात त्यांनी गुडघ्यासाठी मेडिकलमधून पेनकिलरही घेतली होती. पण त्या पाच महिन्यांत त्यांना कोणी काहीच विचारू शकलं नाही, कारण सांगण्याची वाट मी बंद केली होती. काका वाचले. ती खिडकी, ती रांग आणि माझा तो आवाज मी विसरलेले नाही.

फार्मासिस्टांचा गांजाकडे पाहण्याचा दृष्टिकोन म्हणतात तो इथे, खिडकीच्या दोन बाजूंच्या दोन फुटांत असतो. आमच्यातले बरेच जण घाबरतात: नोंद केली तर आपल्यावर येईल, विषयच नको. काही जण तिरस्काराने बोलतात, जसं मी बोलले. काही जण उलट टोकाला जातात: शंकराची बुटी आहे, झाडपाला आहे, त्याने काय होतं? कुचलाही झाडाचाच असतो, धोतराही. यातल्या कोणत्याही पद्धतीने वागलो तरी परिणाम एकच: रुग्ण पुढच्या वेळी सांगत नाही. आणि जे औषध केसपेपरवर नाही, त्याचा मेळ कोण तपासणार?

असं आपण एकदा केलेलं आहे, मॉर्फीनच्या बाबतीत. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं आणि कॅन्सरचे रुग्ण घरी कण्हत राहिले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून मॉर्फीनसारखी सहा अत्यावश्यक औषधं मान्यताप्राप्त संस्थांसाठी सोपी करावी लागली. गांजा त्या सहांत नाही. पण मॉर्फीनची गोळी ठेवायला आजही टाळणारे सहकारी मला माहीत आहेत. आणि म्हणूनच, तोंडाच्या कॅन्सरने तळमळणाऱ्या नवऱ्यासाठी एखादी बाई खिडकीशी येऊन दबक्या आवाजात "चिलीम देली तं चालते का" असं विचारते, तेव्हा तिला गांजावर व्याख्यान द्यायच्या आधी मी विचारते: मॉर्फीन चालू आहे का? बहुतेकदा नसते.

मी आता प्रश्न बदलला आहे. "गांजा घेता का?" असं विचारत नाही. "दवाखान्याच्या औषधाशिवाय आणखी काही चालू आहे का? वैद्याचं, मोबाइलवर मागवलेलं, भांग, चिलीम, तेल? औषधांचा मेळ पाहायचा असतो म्हणून विचारते." हे बाजूला घेऊन, हळू आवाजात. उत्तर मिळालं की तीन गोष्टी लिहिते: कशात आहे, दिवसाला किती, किती दिवसांपासून. मुलगी गरोदर आहे का, घरात कोणाला मानसिक आजार झाला होता का, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवता का, हेही. सवय सुटत नसेल तर त्याच कायद्यातलं कलम ६४-अ सांगते: थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्य ठिकाणी उपचाराला आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. आणि कोणत्याही औषधाने, अगदी अशा तेलानेही, अपाय झाला असं वाटलं तर औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं. फार्मासिस्ट कळवू शकतो, रुग्णही.

मंगळवारी तो बाप आला. डॉक्टर, मी आणि तो, तिघं ड्रेसिंग रूममध्ये बसलो. मी कागदावर तेच थेंबांचं गणित मांडून दाखवलं. त्याने दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे अडीच रोजाची बाटली हाये हे." तेल द्यायचं नाही असं ठरलं. यकृताच्या तपासणीसाठी रक्त घेतलं, नागपूरला मेंदूरोग विभागाची चिठ्ठी दिली आणि बाटली सोबत न्यायला सांगितली, कारण तिथल्या डॉक्टरांनाही ती दिसायला हवी होती. केसपेपरवर बाटलीचं नाव, थेंब आणि तारीख लिहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरावर खुणा करायला सांगितलं: फिट आली की लाल, औषध चुकलं की निळी.

मेच्या शेवटी तो कॅलेंडरचं पान घडी करून घेऊन आला. नऊ लाल खुणा होत्या. त्यातल्या पाच, निळ्या खुणांच्या लागोपाठ दोन दिवसांत. त्या दिवसांत सिरप संपलं होतं आणि बस बंद असल्याने त्याला येता आलं नव्हतं. डॉक्टरांनी पान हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि सिरपच्या नेहमीपेक्षा दोन बाटल्या जादा लिहिल्या. मिरग लागला की पेरणी, आणि पेरणीत वावर सोडून येणं होत नाही.